सिस्टर इग्नेशियांची शिकवणी

आमची थेरेस सहा वर्षांची असताना मेंढ्यांसाठी खणलेल्या तळ्यात बुडाली. तिला बाहेर काढलं ते क्लेमनं, माझ्या नवऱ्यानं. त्या दिवसापासून तो बोलेनासा झाला. मेंढ्यांना हाका मारायचा, कुत्र्याला दटावायचा, पण माणसाशी एक अक्षर नाही. झोपायलाही लोकर कातरायच्या शेडमध्ये जायचा. तळ्याचं फाटक त्यानं तारेनं करकचून बांधून टाकलं. मला वाटायचं, पोरीकडे माझं लक्ष नव्हतं म्हणून हा मला शिक्षा करतोय. विचारायची हिंमत मात्र झाली नाही.

वर्ष उलटलं. १९७९ च्या मार्चमध्ये आमच्या वॉलगूरा गावात, चर्चमागच्या खोलीत, कुटुंबांसाठी मदतकेंद्र उघडलं. बिशपांनी त्यासाठी सिडनीहून एक सिस्टर पाठवल्या. दारावर पाटी, आत समोरासमोर दोन खुर्च्या. तीन आठवडे तिथं चिटपाखरू फिरकलं नाही. कोण जाणार? दारात आपली गाडी दिसली की संध्याकाळपर्यंत गावभर व्हायचं, आम्हा टूमींच्या घरात काहीतरी बिनसलंय म्हणून.

चौथ्या आठवड्यात आमच्या चर्चचे फादर डूलन त्यांना आमच्याकडेच घेऊन आले. सिस्टर इग्नेशिया पन्नाशीच्या, ठेंगण्या, उन्हानं नाकाची सालं निघालेली.

"काय सांगू, नोला," फादर मला म्हणाले. "बिशपांनी यांना गाडी दिली, पण चालवता येते का, हे विचारलंच नाही. आता मी चर्चमध्ये मिस्सा सांगू की यांची ड्रायव्हरकी करू?"

सिस्टरांचं लक्ष शेडकडे होतं. क्लेम दारात बसून कुऱ्हाडीला धार लावत होता. त्या थेट त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"मिस्टर टूमी, मला गाडी शिकवाल का? फादर शिकवतात, पण फार ओरडतात हो."

"ओरडत नाही! देवाचा धावा करतो!" फादर लांबूनच म्हणाले.

क्लेम धार लावतच राहिला. आता या बाईंची चांगलीच फजिती होणार, असं मला वाटलं. पण त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली, हात विजारीला पुसले आणि गाडीत डावीकडे जाऊन बसला. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी हातातलं फडकं टाकून मी धावले आणि मागच्या सीटवर चढले.

मग दर मंगळवारी शिकवणी. क्लेम नुसत्या हाताच्या खुणा करायचा. लाल मातीच्या रस्त्यावर गाडी कांगारूसारखी उड्या मारत जायची आणि मागे माझं डोकं टपाला आपटायचं. सिस्टर मात्र कधीही त्याला "कसं वाटतंय" असं विचारायच्या नाहीत. त्यांचं आपलं, "हा पाय की तो?" आणि फाट्यावर आलं की, "आता कुठं?"

सातव्या मंगळवारी त्यांनी गाडी मागं घेताना आमच्या कुंपणाचे तीन खांब आडवे केले.

"क्लच!" क्लेम ओरडला.

चौदा महिन्यांनी माझ्या नवऱ्यानं माणसाशी काढलेला पहिला शब्द तो. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "हो, क्लच," आणि गाडी पुढं घेतली.

फाट्यावर त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "आता कुठं?"

तो दर वेळी उजवीकडे हात करायचा. त्या दिवशी म्हणाला, "डावीकडे."

डावीकडे तळं होतं. क्लेमनं उतरून फाटकाची तार सोडवली, परत येऊन बसला. तळ्याच्या बांधावर गाडी थांबली. कुणी उतरलं नाही. पलीकडे गुलाबी काकाकुव्यांचा थवा पाणी पीत होता. समोरच्या काचेतून त्यांच्याकडे पाहत क्लेम बोलू लागला.

"त्या दिवशी नोला हाक मारत होती. मी ऐकलं. शेडमध्ये मशीन चालू होतं. म्हटलं, एवढी मेंढी कातरतो, मग जातो. तेव्हाच गेलो असतो, तर पोर वाचली असती."

सिस्टरांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. त्यांनी मान वळवली नाही. म्हणजे इतके दिवस हा माणूस या हाकेपायी जळत होता!

"क्लेम," मी मागून म्हणाले. "अरे, ती चहाची हाक होती. पोर कुठं आहे, ते मला तरी कुठं ठाऊक होतं?"

तो वळला. चौदा महिन्यांनी त्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं. "चहाची?"

"चहाची रे."

मग तो जो रडला! मी लहानपणापासून चर्चमध्ये गुडघे टेकत आलेय, पण आपल्या शेजारी कुणीतरी थोर येऊन बसलंय, असं मला पहिल्यांदा वाटलं ते त्या धुळकट गाडीत. किती वेळ गेला कोण जाणे. सिस्टरांनी इंजिनही सुरू केलं नाही.

पुढं एकदा मी त्यांना विचारलं, "ही युक्ती तुम्हाला सुचली तरी कशी?"

"युक्ती कसली, नोला? मला खरंच गाडी येत नव्हती. पण त्या दिवशी एक कळलं. समोरासमोर बसवलं तर तुमच्याकडची माणसं मरतील, पण बोलणार नाहीत. शेजारी बसून रस्त्याकडे बघत बोलतात."

त्यांनी ती खोली बंद केली आणि गाडीतूनच केंद्र चालवलं. वीस वर्षांत अशा नऊ गाड्या झाल्या. दोन-दोनशे किलोमीटरवरच्या घरांपर्यंत त्या जातात. केंद्राच्या नव्या कार्यकर्त्यांना मातीच्या रस्त्यावर चालवायला क्लेमच शिकवायचा.

गेल्या हिवाळ्यात पलीकडच्या मळ्यातला बर्ट लॉनन भल्या पहाटे आमच्या दारात आला. या केंद्राला तो जन्मभर 'रडक्यांची गाडी' म्हणत आलेला. टोपी हातात गोल गोल फिरवत उभा राहिला.

"क्लेम, जरा फिरून यायचं का?"

क्लेमनं का, कुठं, काही विचारलं नाही. मी मटणाचे सँडविच बांधून दिले आणि दोघं गेले. दुपारपर्यंत त्यांच्या गाडीची लाल धूळ मला क्षितिजावर दिसत होती, कधी इकडं, कधी तिकडं.