हरलेल्याचं काम

त्या मतदारसंघातून आजवर कोण कोण निवडून आलं, हे कुणाला धड सांगता येणार नाही. पडलं कोण, ते मात्र शेंबडं पोरही सांगेल. नदीवरचा पूल नावाड्याचा, मुलींची शाळा गुरुजींची, बसस्टँडवरचं घड्याळ दुकानदाराचं. ही सगळी पडलेली माणसं. निवडून आलेल्यांचे फोटो सरकारी कचेरीच्या जिन्यात धूळ खात लटकताहेत आणि त्यातला कोण कुठला, हे तिथल्या शिपायालाही विचारू नये.

याला कारण झाला तो नावाडी. पहिल्याच निवडणुकीत तो एका वकिलाविरुद्ध उभा राहिला आणि सणकून आपटला. चौकात वकिलाच्या विजयाची सभा चालली होती. हा न बोलावता ओट्यावर चढला आणि म्हणाला, माझं एवढं एक काम करा, नदीवर पूल बांधा. लोक चाट पडले. पूल झाल्यावर याच्या नावेत कोण बसणार? आपल्याच पोटावर पाय द्या असं सांगायला आलेला माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. वकील खाली गर्दीत उभा होता. एवढ्या लोकांदेखत त्याला दुसरं काही सुचेना, तो नुसतं ‘ऐकलं’ म्हणाला. पूल झाला. नावाड्यानं होडी मोडीत काढली आणि पुलाच्या तोंडाशी पंक्चरचं दुकान टाकलं.

तेव्हापासूनचा हा शिरस्ता. निकाल लागला की दुसऱ्या क्रमांकावर आलेला ओट्यावर चढतो आणि जिंकलेला खाली लोकांत उभा राहतो. हरलेला एक काम सांगतो, जिंकलेला ‘ऐकलं’ म्हणतो, आणि आधी ते काम करतो, मग स्वतःचं. स्वतःचं बहुधा राहूनच जातं, कारण असल्या आडबाजूच्या मतदारसंघासाठी राजधानीतून एक काम ओढून आणायचं म्हटलं तरी पाच वर्षांत माणसाच्या नाकी नऊ येतात. कायद्यात हे कुठं लिहिलेलं नाही. तरी आजवर एकानंही शब्द मोडलेला नाही, आणि या गोष्टीसाठी त्या लोकांना मनापासून नमस्कारच करावा.

सगळीच कामं काही थोर नव्हती म्हणा. एका बागायतदारानं हरल्याच्या रुसव्यात स्वतःच्या फाटकापर्यंत रस्ता मागितला. लोक फिदीफिदी हसले. पण ऐकलं म्हणजे ऐकलं. रस्ता झाला, आणि आज अर्धा बाजार त्याच रस्त्यावर भरतो.

गेली कित्येक वर्षं या हरलेल्यांपुढं माईक मांडत आले ते भोंगेमास्तर. चौकातच त्यांचं लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान. उमेदवार कुठलाही असो, कर्णे यांचेच. सगळ्यांचे आणि कुणाचेच नाहीत, म्हणून सगळ्यांचा विश्वास. त्यांची बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती. आसपासच्या गावांतली निम्मी माणसं तिच्या हातांत पहिल्यांदा रडलेली, त्यामुळं निवृत्त झाली तरी ती सगळ्यांची नर्सबाईच राहिली.

नर्सबाईंना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. त्या दवाखान्यात सिझरची सोय. बाळंतीण अडली की तिला गाडीत घालून जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावं लागे, आणि मधला रस्ता असा, की धडधाकट माणसाचीही हाडं खिळखिळी व्हावीत. सगळ्याच पोचत नसत. शेजारच्या शिंप्याची सून अशीच वाटेत गेली, बाईंचा हात हातात धरून. त्यानंतर बाईंनी प्रत्येक खासदाराच्या दारात चपला झिजवल्या. प्रत्येकानं खुर्ची दिली, चहा दिला, बघतो म्हटलं. तीन वेळा निवडून आलेले ड्रायव्हरसाहेब तर खरंच भले माणूस. पूर्वी ट्रक चालवायचे, अजून नाव तेच. तेही म्हणाले, बाई, करायचंय हो, पण आधी हरलेल्याचं काम हातात आहे.

त्या दिवशी बाई घरी आल्या, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून पाणी प्याल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, “मी उभी राहते.”

भोंगेमास्तर सोल्डरिंग करत होते. त्यांनी विचारलं, “निवडून येशील?”

“निवडून कशाला यायचंय? पडायला उभी राहते. दुसरा नंबर मिळाला की झालं.”

मास्तरांच्या बोटाला चटका बसता बसता राहिला. इतक्या वर्षांत हे डोकं कुणी लढवलं नव्हतं. हिशोब मात्र सरळ होता. ड्रायव्हरसाहेब येणार ही काळ्या दगडावरची रेघ. उरलेला एक उमेदवार कोल्ड्रिंकची एजन्सी असलेला, त्याला त्याच्या सासरचेही मत देतील की नाही शंका. बाई दुसऱ्या येणार, ओट्यावर चढणार, सिझरची सोय मागणार, आणि ड्रायव्हरसाहेब ‘ऐकलं’ म्हणणार. फक्त ही गोष्ट घराबाहेर जाता कामा नये. पडायला उभी राहिलेली बाई म्हटल्यावर तिचं काम कोण मानणार?

तेव्हा प्रचार बेताचा करायचा ठरलं. भोंगेमास्तर जीपला कर्णे बांधून गावोगाव फिरत आणि रेशन आल्याची वर्दी द्यावी अशा आवाजात सांगत, की नर्सबाई उभ्या आहेत, बघा जमलं तर. एका म्हातारीनं जीप थांबवून विचारलं, की बाबा, तू बायकोशी भांडलायस का. घरी आल्यावर दोघं नवराबायको यावर पोट धरून हसली.

आणि शेवटच्या दिवशी माशी शिंकली. भर बाजारात कोल्ड्रिंकवाल्याचा एक प्रचारक टेबलावर चढून म्हणाला, की नर्सबाईंचं आता वय झालं, हात थरथरतात, त्यांना घरी बसून आराम करू द्या. बाकी काही म्हटलं असतं तर मास्तरांनी कानाआड केलं असतं. पण हात म्हटल्यावर त्यांचं डोकंच फिरलं. त्यांनी माईक ओढला आणि उभ्या आयुष्यात दुसऱ्यांचे आवाज मोठे करणारा हा माणूस पहिल्यांदा स्वतः बोलला. त्या हातांनी पुरात टॉर्च तोंडात धरून कुणाची बाळंतपणं केली, कुणाच्या निळ्या पडलेल्या बाळाच्या तोंडात स्वतःचा श्वास फुंकला, ते नावागावासकट सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, “ते हात थरथरतात ते घरी आल्यावर, माझ्यासमोर. तुमच्यासमोर कधी थरथरले असतील तर सांगा.”

 भाजीवाल्या बायका पदराला डोळे पुसू लागल्या. कुणीतरी ते फोनवर टिपलं होतं, ते घरोघर पोचलं.

मतदानाच्या दिवशी मग एक गंमत झाली. प्रत्येकाला वाटलं, ड्रायव्हरसाहेब तर येणारच आहेत. बाई बिचाऱ्या पडणार. तर आपलं एक मत तेवढं बाईंना देऊ, त्यांना वाईट वाटायला नको. आणि असं वाटणारा प्रत्येक माणूस मनात समजत होता, की असं वाटणारे आपण एकटेच.

नर्सबाई निवडून आल्या.

लोक नाचत दारात आले, तेव्हा त्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेल्या होत्या. मास्तर समोर उभे, शाळेत छडी खायला उभं राहावं तसे. बाईंनी आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर बरं झालं असतं.

“एवढी वर्षं दुसऱ्यांना माईक देत आलात,” त्या म्हणाल्या, “एकदा स्वतः धरलात आणि माझी सोय घालवलीत.”

मास्तरांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्या बाईसाठी बोलले, तिच्याच जन्माच्या कामावर आपल्या हातानं पाणी सोडलं होतं. ते तसेच वळले आणि चौकात माईक मांडायला गेले, कारण ते काम त्यांचं होतं आणि दुसरं कुणी ते करणार नव्हतं.

दुपारपर्यंत चौकात मुंगीला शिरायला जागा उरली नाही. नर्सबाई ओट्याखाली लोकांत उभ्या. कुणीतरी खुर्ची आणली, ती त्यांनी परत पाठवली. मास्तर ओट्याच्या कडेला, अँप्लिफायरपाशी. आता त्यांची एकच आशा होती. ड्रायव्हरसाहेब बस डेपो मागणार अशी बोलवा होती, आणि डेपोची जागा, मंजुरी सगळं तयार होतं. डेपो म्हणजे वर्षभराचं काम. तो लवकर उरकला तर बाईंना चार वर्षं मिळतील.

ड्रायव्हरसाहेब ओट्यावर आले. एरवी हा माणूस बोलू लागला की कर्णा नसला तरी चाले. आज त्यांनी माईक अगदी ओठांशी आणला.

“डेपो मागणार होतो,” ते म्हणाले. “सकाळपर्यंत तेच डोक्यात होतं. पण मी टेकडीवरच्या वस्तीतला. पहिल्यांदा उभा राहिलो ते तिथं पाणी आणतो म्हणून. तीनदा जिंकलो, तीनदा दुसऱ्यांची कामं केली, त्याचं मला दुःख नाही. पण माझी वहिनी अजून खालच्या विहिरीवरून हंडे वर नेते.”

मास्तरांनी मनातल्या मनात हिशोब मांडला. टेकडीवर पाणी चढवायचं म्हणजे पंप, पाइप, वीज, टाक्या. पाच वर्षांतही झालं तर नशीब. बाईंच्या कामाला त्यात श्वास घ्यायलाही जागा नव्हती.

तेवढ्यात ड्रायव्हरसाहेबांचा आवाज बसला. ओठ हलत होते, पण मागच्या लोकांना काही ऐकू जाईना. मागून कुजबुज सुरू झाली, की काय म्हणाले, काय मागितलं?

मास्तरांचा हात बटणावर होता. ऐकू न गेलेल्या कामाला कुणी ‘ऐकलं’ म्हणू शकत नव्हतं. मशीन जुनं, वायर त्याहून जुनी. आत्ता ते बंद पडलं असतं तर कुणी संशयही घेतला नसता. खचलेला माणूस दुसऱ्यांदा थोडाच ओट्यावर चढणार होता? बाईंचं काम तिथल्या तिथं वाचलं असतं. त्यांनी खाली पाहिलं. बाई त्यांच्याकडंच पाहत होत्या. त्यांना सगळं कळलेलं होतं, आणि हो किंवा नाही असं काहीच त्या डोळ्यांत नव्हतं. ज्याचं त्यानं ठरवावं म्हणून सोडून दिलं होतं.

मास्तरांनी बटण फिरवलं आणि आवाज वाढवला.

“नर्सबाई,” ड्रायव्हरसाहेबांचा घोगरा आवाज चौकभर झाला, “तुम्हाला काय हवंय ते मला ठाऊक आहे. पण आमच्या बाया सातव्या महिन्यातही तो चढ चढतात, डोक्यावर हंडे घेऊन. दिवस भरण्याआधीच तुमच्याकडं येतात त्या. तुम्हीच मला ओरडला होतात, माझ्या बायकोच्या वेळी. माझं काम पाणी.”

 मास्तरांना वाटलं, बाई आता कोसळतील. पण बाईंना त्या बायका एकेक करून आठवत असाव्यात. त्यांनी पदर सारखा केला आणि साध्या, खणखणीत आवाजात म्हटलं, “ऐकलं.”

टाळ्या ओसरल्यावर लोक बाईंभोवती जमले. एक आजी त्यांच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, की पोरी, पुढच्या वेळीही तुलाच निवडून देऊ.

“नका,” बाई म्हणाल्या. “पुढच्या वेळी तेवढं मला पाडा. उपकार होतील.”

लोक खो खो हसले. बाई किती विनोदी आहेत, असं म्हणत पांगू लागले. हसले नाहीत ते फक्त ड्रायव्हरसाहेब. ते ओट्यावरून उतरता उतरता थांबले, बाईंकडं आणि मग वायर गुंडाळणाऱ्या मास्तरांकडं पाहत राहिले. ट्रकवाल्याला वळणं उशिरा दिसत नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू सगळा उलगडा झाला आणि डोळे भरून आले.

ते जवळ आले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, “पुढच्या वेळी मी जिंकायला उभा राहतो, बाई. खाली उभा राहून तुमचं काम ऐकतो. माझा शब्द.”

 बाईंनी मान डोलावली.

“फक्त एक करा,” ड्रायव्हरसाहेब म्हणाले, “या माणसाच्या हाती माईक देऊ नका.”