गुलाबाचे डोळे भरणारा चाकू

मित्रांनो, मी एक जुना चाकू आहे. दचकलात ना? माझ्या नावानं सगळेच दचकतात, म्हणून आधीच सांगतो, मी आजवर कुणाला ओरखडासुद्धा काढलेला नाही. मी गुलाबाचे डोळे भरतो. जंगली गुलाबाच्या सालीला चीर द्यायची, चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, त्यात बसवायचा आणि पट्टीनं बांधायचा. एका लोहारानं मोडक्या करवतीच्या पात्यातून मला घडवलं ते याच कामासाठी.

माझी नेमणूक झाली मुलींच्या सुधारगृहात. तिथं चाकू म्हणजे विस्तवच! माझ्या मुठीला साखळी लावली आणि तिचं दुसरं टोक माळीणबाईंच्या कमरपट्ट्याला. त्यामुळे मी जिच्या हातात, तिला बाईंना अगदी खेटून बसावं लागे.

सगळ्यांत जास्त मी असे ठिणगीच्या हातात. नाकावर राग, म्हणून मुलींनी तिला हे नाव ठेवलेलं. तिचा मामा तिला लोकांच्या खिडक्यांतून आत सोडायचा, चोरीसाठी. पकडली गेली ती, आणि मामा नामानिराळा.

"बाई, सरका ना. तुमच्या सावलीत काही दिसत नाही."

"तूच सरक. आणि साल सोलतेस की सूड घेतेस? हळू जरा!"

ती हळू झाली. माझी मूठ तिच्या हाताला बसली. इतकी जपून मला कुणी धरलं नव्हतं.

तिचं काम पाहून एका रोपवाटिकेच्या मालकीणबाई म्हणाल्या, "हिनं भरलेले डोळे फुटू देत, मी येऊन बघते. सुटल्यावर कामही देते आणि राहायला खोलीही." म्हणजे मामाकडे परत जायला नको! ठिणगी त्या रोपांपाशी कुणाला फिरकू देईना.

डोळे फुगले. मग सगळा जोर त्यांच्यात उतरावा म्हणून बाईंनी रोपांचे शेंडे छाटायला लावले. वाफ्यात नुसते खुंट उरले.

नेमके तेव्हाच मोठे पाहुणे येणार होते. सुधारगृहाचे साहेब आदल्या दिवशी वाफ्याशी आले आणि करवादले, "ही वाळकी लाकडं कुणी रोवली? काढा सगळी!" बाई रजेवर होत्या, म्हणून मुली आत कोंडलेल्या. ठिणगी खिडकीतून जीव तोडून ओरडत होती, "ती जिवंत आहेत!" कुणी मान वळवली नाही. शिपायांनी खुंट उपटून उकिरड्यावर टाकले आणि बाजारातून आणलेली झेंडूची रोपं तिथं खोचली. बाईंचा कमरपट्टा खुंटीला, त्यामुळे मीही भिंतीवर लटकून हे पाहत होतो. धारेचा काय उपयोग, हात नसतील तर!

दुसऱ्या दिवशी ठिणगीच्या हातात झारी देऊन तिचा फोटो काढायचा घाट घातला. पाहुण्यांनी कौतुकानं विचारलं, "हे सगळं तू लावलंस, बाळ?"

"नाही. मी लावलेलं तुमच्यासाठी उपटलं."

खरं बोलली एवढाच तिचा गुन्हा. तिची बाग बंद झाली आणि मी साहेबांच्या टेबलाच्या खणात गेलो.

मालकीणबाई आल्या तेव्हा माळीणबाईंनी उकिरड्यावरचा एक वाळका खुंट त्यांच्यापुढे धरला. त्या म्हणाल्या, "डोळा बसला होता की! माझ्यासमोर एक भरून दाखवू दे, तेवढं पुरे."

"असल्या पोरीच्या हातात चाकू?" साहेब म्हणाले. "जबाबदारी कोण घेणार?"

बाई म्हणाल्या, "मी घेते." त्यांचं कोण ऐकतं! ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

माझा संताप होतो, मित्रांनो. मला गंज चढतोय, त्याचं मला काही नाही. पण ठिणगी सुटली ती याच टेबलासमोर. तिला न्यायला आलेल्या माणसाचा आवाज मी खणातून ऐकला.

"चल गं, भाचे. कामं खोळंबलीत."

तिची पावलं त्याच्या मागोमाग दाराबाहेर गेली. ठिणगी, आणि गप्प!

म्हणून पोटतिडकीनं सांगतो. कुणी लावलेली काटकी तुम्हाला वाळकी दिसली, तर उपटण्याआधी लावणाऱ्याला एकदा विचारा. तो नक्की सांगेल.