भांगाच्या पाण्यावरचे महाराज

एडवणच्या किनाऱ्यावर त्या अष्टमीला मुंगी शिरायला जागा नव्हती. सालवडचे कामगार पाळी बुडवून आले होते, वाणगावचे मिरचीवाले बागायतदार टेम्पो भरून आले होते आणि गावच्या माणसांच्या तर दारातच देव आलेला, मग घरात थांबतंय कोण! वाळूत दोरी बांधलेली. अलीकडे भक्त, पलीकडे चेले आणि कमरेएवढ्या पाण्यात अधरनाथ महाराज.

महाराजांनी समुद्राला साष्टांग दंडवत घातलं, मग ते गुडघ्यांवर आले, मग उभे राहिले. आणि भगवी कफनी फडफडवत, पाण्याला न शिवता, हातभर वरून मावळत्या सूर्यासमोरून सरसर निघाले. उजवा हात गोमुखीत, जपमाळेच्या त्या पिशवीत, आणि ओठ पुटपुटताहेत. बायांनी पदर पसरले. चांगली शिकलीसवरली माणसं वाळूत लोळली.

बाहेर आल्यावर महाराजांनी माइक धरला. म्हणे विज्ञान जिथे थकतं तिथे मी सुरू होतो, माझ्या पायाखाली ऋण आणि धन यांचं ब्रह्मांडीय मीलन आहे! (त्या अख्ख्या भाषणात तेवढं एकच वाक्य खरं होतं, पण ते पुढे कळायचं होतं.) दोन वर्षांपूर्वी हेच महाराज दुसऱ्या एका किनाऱ्यावर पर्यटकांना बनाना बोटीवर बसवत होते, हे कोणी विचारलं नाही. देवाला मागचा धंदा कोण विचारतो?

मग त्यांनी आत्मारामला पुढे बोलावलं. आत्माराम म्हणजे गावातला नावाजलेला तांडेल, नावेचा मुख्य. पण त्याला फिट येऊ लागल्या आणि डॉक्टरांनी गोळ्या देऊन दर्या बंद केला. तेव्हापासून हा पहाडासारखा माणूस दिवसभर जाळी शिवत बसायचा, कुणाशी बोलायचा नाही. महाराजांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. गोळ्या फेकून दे, पुढच्या अष्टमीला तुला माझ्यामागे उभं करून पाण्यावरून नेतो, दुसऱ्या दिवशी नाव काढ, असा हुकूम सोडला. आत्मारामची बायको मंदा आनंदानं रडली आणि तिनं गोळ्या खरंच समुद्रात टाकल्या.

हे सगळं आत्मारामची धाकटी बहीण दीपाली पाहत होती. ती बोईसरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण डोळे चेल्यांवर खिळले होते. त्यांतला पट्टशिष्य होता मेहुल, तिचाच जुना विद्यार्थी. बोईसरला त्याचं इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटऱ्यांचं दुकान.

हाच मेहुल महिन्यापूर्वी तिच्याकडे आला होता. सुट्टे सेल जोडून घरीच बॅटरी बांधली आहे म्हणाला. पण चपटी हवी, पाटाइतकी, आणि खाऱ्या पाण्यातही चालणारी. शिवाय दोन माणसांचं वजन टाकलं की आतलं संरक्षणाचं सर्किट वीज तोडतं, ते काढून थेट जोडलं तर चालेल का? दीपालीनं त्याला झापलं होतं. ते सर्किट म्हणजे बॅटरीचा राखणदार, ते काढून बंद पेटीत जास्त वीज ओढलीस तर सेल तापतील, एक पेटला की शेजारचा पेटेल. मेहुल मान डोलवून गेला. चपटी, पाण्यात चालणारी, दोन माणसांची स्कूटर कुठली, हा प्रश्न तिला तेव्हा पडला नव्हता. आता पडला आणि सुटलाही.

तिनं भावाला समजावलं. पण बुडत्याला काडीचा आधार, तो काडी सोडतोय कशाला? आठवडाभरातच वाळत घातलेल्या बोंबलांखाली तो फिट येऊन पडला, जीभ चावली, तोंड रक्तानं भरलं. महाराजांचा निरोप आला की रोग बाहेर पडतोय, अभिनंदन! दीपाली गोळ्या घेऊन धावत आली. दादानं हात झटकला.

मग तिनं वाद सोडला आणि गावातलं शेंबडं पोरही सांगेल ते विचारलं.

"दादा, अष्टमीला भरती कवा?"

"तिथीची पाऊणपट. आठाची सहा. सहाला."

"आणि पाणी?"

"भांगाचं, उधाणाच्या उलटं. मऊ, लाट नाय."

"महाराज कवा येतात?"

आत्मारामनं बोटांवर मोजलं. अष्टमी, सांजचे सहा, भांग. काखेत कळसा नि गावाला वळसा! ज्यांच्या सात पिढ्या पाणी मोजून जगल्या, त्यांना देवाचं वेळापत्रक ओळखीचं वाटू नये? तो म्हणाला, "मी त्यांनाच विचारीन." गोळी मात्र घेतली नाही.

पुढची अष्टमी आली. महाराजांनी आधी एकट्यानं चक्कर मारली. मग चेल्यांनी उथळ पाण्यात चादर आडवी धरली आणि आत्मारामला माइकवर अनुभव सांगायला उभं केलं. त्यानं शांतपणे विचारलं, "महाराज, आज नको. पुनवेला न्या, भर उधाणात. न्याल?"

महाराज गोड हसले. "वत्सा, पौर्णिमेला समुद्रदेव निद्रिस्त असतात."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. उधाणाला, दर्या वाळूचे बांध फोडतो त्या दिवशी, समुद्रदेव झोपलेला? पुढे बसलेली म्हातारी येसूबाई कंबरेवर हात ठेवून उठली.

"मंग नारळी पुनवेला आमी नारळ काय झोपलेल्याला देतो?"

हशा असा उसळला की महाराजांची पाचावर धारण बसली. आत्माराम सरळ पाण्यात शिरला, चादर ओढली आणि समुद्राच्या रंगात रंगवलेली एक फळी धरून उलटी केली. मेहुल किंचाळला, "उलटी नको! पेटीत पाणी शिरलं तर पेटेल!"

आता महाराजांनाही याहून स्पष्ट बोलता आलं नसतं.

फळीखाली लांब दांडा, त्याला पंखा आणि विमानासारखे दोन छोटे पंख. आत्मारामनं ती वाळूवर ओढली तोवर पेटीतून सूं सूं आवाज आणि पांढरा धूर येऊ लागला. दीपालीनं सगळ्यांना मागे रेटलं. पुढच्या क्षणी झाकण उडालं आणि ज्वाळा निघाली. दोन माणसांसाठी मेहुलनं राखणदार काढूनच टाकला होता.

"ही आग माझ्या भावाच्या पायाखाली असती," दीपाली म्हणाली. मग तिनं सगळं उलगडून सांगितलं. बॅटरी पंखा फिरवते, वेग आला की पाण्यातले पंख फळी वर उचलतात. वेग यायच्या आधी फळीवर पालथं पडावं लागतं, तेच दंडवत. गोमुखीत जपमाळ नाही, वेगाचं बटण. भांगाचं पाणी लाट नको म्हणून, भरती दांडा तळाला लागू नये म्हणून आणि मावळता सूर्य तुमचे डोळे दिपावेत म्हणून. ऋण आणि धन म्हणजे बॅटरीची दोन टोकं.

तोवर महाराजांना पळता भुई थोडी झाली होती. कफनी दोरीत अडकून टरकली आणि आत बर्म्युडा निघाली. पोरांनी त्यांना सुरूच्या बनापाशी धरलं आणि पोलिसांच्या ताब्यात दिलं. मेहुल मात्र कुठे पळाला नाही, आगीकडे बघत वाळूतच बसून राहिला.

आत्मारामनं बहिणीला विचारलं, "म्हंजे दर्या बंदच?"

"डॉक्टर सांगतील तोवर बंद. कदाचित कायमचा. खोटं नाय सांगणार, दादा."

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. तिच्या हातची गोळी त्यानं सगळ्या गावासमोर गिळली आणि माइक उचलला.

"मी तांडेल हाय. भरती मला ठाव होती, भांग ठाव होता. पण मला दर्यात जायचं होतं, म्हणून विचारलं नाय. तुमी विचारा."