दह्याचा वाडगा

हरिचंद्र भालेरावांना काच कळायची. अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं माल तपासून पास करण्यात गेली आणि निवृत्तीनंतर तोच डोळा त्यांनी जुन्या दुधी काचेला लावला. हेंद्रेपाड्यातल्या दोन खोल्यांत एक काचेच्या दाराचं कपाट होतं, त्यात पांढऱ्या बशा, फुलदाण्या, एक झाकणाची अत्तरदाणी. त्या कपाटाची किल्ली कायम भालेरावांच्या खिशात. बायको द्रौपदी बाहेरूनच काच पुसायची.

द्रौपदीला जाऊन सहा महिने झाले आणि एका सकाळी बनूबाई बोहारीण दारात आली. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ही बाई गल्लीत वर्षानुवर्षं यायची. स्टीलच्या पातेल्यांतून तिने एक पांढरा वाडगा काढला आणि भालेरावांचा जीव त्यात अडकला.

त्यांची परीक्षा ठरलेली होती. वाडगा उन्हात धरला. नवी काच खडूसारखी मठ्ठ दिसते, ही कडेला केशरी पेटली. नखाने टिचकी मारली, आवाज लांबत गेला. मग आतून बोट फिरवलं.

"चमच्याने झिजलाय बघ," ते बनूबाईला शिकवू लागले. "कुणाच्या तरी घरी तीस-चाळीस वर्षं रोज दही लागलंय यात. शोभेचा नाही हा, वापरातला आहे."

"तुम्हाला बरोबर समजतं, साहेब," बनूबाई म्हणाली आणि त्यांच्याकडे पाहतच राहिली.

शेवटची परीक्षा पंजाची. काचेमागे हात धरायचा आणि उजेडात सावलीची बोटं मोजायची. भालेरावांना साडेचार दिसली. तर्जनी मधल्या पेरावरच संपत होती. बोट वाकलं असेल, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. हव्यास सुटला की तपासनीसही डोळे मिटून सही ठोकतो.

"वहिनींच्या साड्या असतील ना?" बनूबाईने विचारलं.

त्यांनी ट्रंक उघडली आणि गठ्ठाच आणून दिला, वरखाली न करता. वाडगा कपाटाच्या मधल्या फळीवर बसला, बनूबाई गल्लीबाहेर गेली, तेव्हा कुठे त्यांना आठवलं. निळ्या काठांची पांढरी साडी त्यातच होती. द्रौपदीची लग्नातली. दवाखान्यात तिने त्यांचा हात धरून लेकीसाठी एवढंच मागितलं होतं, "पांढरी तेवढी प्रीतीच्या लग्नाला ठेवा." भालेरावांना स्वतःची लाज वाटली, पण वाडगा परत द्यावा असं काही वाटलं नाही.

रविवारी दुपारी प्रीतीचा फोन आला. ती उल्हासनगरच्या एका दवाखान्यात नर्स होती, तिथेच राहायची.

"जयभीम पप्पा. तारीख नक्की झाली. आईची पांढरी साडी ट्रंकेत आहे ना?"

"आहे की. जाणार कुठे?"

ती एवढंच म्हणाली, "बरं."

फोन ठेवून त्यांनी मान वर केली. खिडकीतलं ऊन सरळ वाडग्यावर आलं होतं आणि त्याच्या पांढऱ्या पोटावर आतून एक पंजा टेकला होता. चार बोटं पूर्ण, एक अर्धं. कपाट बंद होतं, किल्ली त्यांच्या खिशात होती. लग्नाआधी द्रौपदी ज्या कारखान्यात कामाला जायची, तिथल्या प्रेस मशीनमध्ये तिची अर्धी तर्जनी गेली होती. ते अर्धं बोट हलकेच हललं आणि तळातलं शेवटचं दही पुसून घ्यावं तसं वाडग्याच्या आतून गोल फिरलं. बंद दाराआडून काचेचा बारीक किर्र आवाज त्यांना नीट ऐकू आला.

दोन दिवस त्यांनी कपाटावर चादर टाकून ठेवली. ते घाबरले होते. चादरीखाली तो आवाज चालूच होता. तिसऱ्या सकाळी वाडगा टॉवेलात गुंडाळून त्यांनी उल्हासनगर गाठलं. तिथल्या तीन नंबर कॅम्पच्या बाजारात जुन्या कपड्यांच्या ढिगाऱ्यापाशी बनूबाई बसली होती.

"पांढरी साडी परत दे," ते म्हणाले. "हा वाडगा घे, कपाटातलं पाहिजे ते घे."

बनूबाईने टॉवेल सोडलाही नाही.

"वाडगा वहिनींचाच आहे, साहेब. दवाखान्यात जायच्या आधी त्यांनी दिला. बोलल्या, मी गेल्यावर सहा महिन्यांनी घेऊन जा. साहेबांनी ओळखला तर तसाच देऊन टाक, काही घेऊ नको. नाही ओळखला तर जे देतील ते घे."

"आमच्याकडे असा वाडगा कधी नव्हता."

"अडतीस साल तुमचं दही यातच लागायचं. तुम्ही ताटात वाढलेलं खायचे. किचनमध्ये गेलात कधी?"

भालेराव कपड्यांच्या ढिगावरच बसले. "आणि साडी?"

"त्याच दिवशी प्रीतीताईला देऊन आली. ते पण वहिनीच बोलल्या होत्या. पांढरी आली तर पोरीला दे."

म्हणजे प्रीतीने फोनवर विचारलं तेव्हा साडी तिच्याजवळच होती. तिचं ते "बरं" त्यांना आत्ता ऐकू आलं.

घरी येऊन त्यांनी वाडगा खिडकीत धरला. मागे पंजा लावला. पाच बोटं, सगळी धड. हात काढला, तर नुसती पांढरी काच. "द्रौपदी," त्यांनी हाक मारली. वाडगा कानाला लावला. तिला जे पाहायचं होतं ते पाहून ती गेली होती.

मग ते स्वयंपाकघरात गेले. बरेच डबे उघडून भांडं शोधलं, दूध कोमट केलं आणि वाडग्यात ओतलं. विरजण किती घालायचं हे विचारायला घरात कुणी नव्हतं.