तिरकी तार

तळहाताएवढी चौकट. तिच्यात उभ्या-आडव्या तांब्याच्या बारीक तारा, आणि जिथं दोन तारा एकमेकींना ओलांडतात तिथं ओवलेली एकेक काळी कडी, बाजरीच्या दाण्याएवढी. साठेक वर्षांपूर्वी कॉम्प्युटरची सगळी आठवण असल्या चौकटीत राहायची. ही चौकट ईश्वरप्पा सरांनी तरुणपणी, मुंबईच्या एका प्रयोगशाळेत, स्वतःच्या हातानं विणलेली. मशीन मोडीत निघालं तेव्हा ती रुमालात बांधून ते सोलापूरला घेऊन आले.

महेश्वरी पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची, आणि तिला ते शिकवलं सरांनीच. आता सरांचा डावा डोळा गेला होता, उजवाही निघायच्या तयारीत होता. म्हणून त्यांनी चौकट तिच्याकडे दिली.

"शेवटच्या दिवशी मी हिच्यात काहीतरी भरून ठेवलं होतं. काय, ते आठवत नाही. मी विसरलो. ही विसरली का, तेवढं दिसतंय तोवर बघायचंय."

"विजेशिवाय राहिलं असेल, सर? इतकी वर्षं?"

"चुंबकाला वीज कशाला? प्रत्येक कडी इकडं नाहीतर तिकडं तोंड करून बसते, रुसलेल्या जावेसारखी. कुणी हलवेपर्यंत हलत नाही. पण वाचलं की पुसलं जातं. तेव्हा एकदाच."

त्या 'एकदाच'च्या धास्तीनं महेश्वरीनं महिनाभर जोडण्या केल्या, तपासल्या, पुन्हा केल्या. आज सोलापूरशेजारच्या कुंभारी गावात, तिच्या घरी, टेबलावर चौकट, जोडण्या, पडदा सगळं मांडून झालं होतं. सर रिक्षानं आले, चहा झाला. तिनं बटणावर बोट ठेवलं आणि शेवटचं म्हणून भिंगातून एकदा पाहिलं.

चौकट कालच्यापेक्षा जरा जास्तच नीटनेटकी दिसत होती.

"अव्वा," ती सावकाश म्हणाली, "तू ह्याला हात लावलास?"

गंगम्मा, तिची आई, दारात तांदूळ निवडत होती. सगळी हयात चादरीच्या कारखान्यात घडीखात्यात गेली; तयार चादरीचे सुटे धागे कापायचं काम. काम सुटलं, कात्री सुटली नाही. पाहुण्यांच्या शर्टाचा दोरा लोंबताना दिसला की पाहुणा पाणी पिईपर्यंत दोरा गेलेला असायचा.

"लावला की. लई ब्येस विणलंय. पण एक धागा पार तिरका गेलता, सगळ्या कड्यांतनं. चुकलं असंल म्हून टोकं कापून काढला. आता बघ, कसं सरळ दिसतंय."

महेश्वरीनं बोट उचललं. ऐकणारी तार तीच होती. कडी उलटताना जे काही सांगते, ते ती तिरकी तारच ऐकते. बटण दाबलं असतं तर सगळ्या कड्या बोलून मोकळ्या झाल्या असत्या आणि ऐकायला कुणी नसतं.

 सरांनी विचारलं, "अक्का, धागा टाकला कुटं?"

"चांगली वस्तू टाकंल कोण?" गंगम्मानं कनवटीची चंची सोडली. आत तार, बोटाला गुंडाळून ठेवावी तशी वेटोळी, अखंड.

सरांना तारेची वाट ठाऊक होती, पण दिसत नव्हतं. महेश्वरीला दिसत होतं, पण इतक्या बारीक कडीतनं तार ओवायची तिच्या हाताला सवय नव्हती. शेवटी गंगम्माच खुर्चीत बसली. तिनं सवयीनं सुई काढली.

"सुई नको. लोखंड आहे ते, कड्या बिथरतील," महेश्वरी म्हणाली.

"मग हिलाच पीळ देते," म्हणत तिनं तारेचं टोक बोटांत पिळून ताठ केलं.

"कोपऱ्यातनं घाला. आता तिरकं खाली. वळवा, शेजारच्या कडीतनं वर." सर डोळे मिटून सांगत होते, आणि त्यांची बोटं मांडीवर तशीच चालत होती.

"हे तिरकं मुद्दाम विणलेलं व्हय?"

"व्हय."

"मग सांगायचं न्हाय का आधी?"

तांदूळ तसेच राहिले. ऊन उंबऱ्यावरून आत आलं. तार शेवटच्या कडीतून बाहेर आल्यावर महेश्वरीनं दोन्ही टोकं डाख देऊन जोडली आणि बटण दाबलं.

पहिली कडी बोलली. पडद्यावर एक लाल ठिपका उमटला.  महेश्वरी जन्मायच्या आधी कुणीतरी वळवून ठेवलेली कडी, इतक्या उन्हाळ्यांत, ना वीज ना देखरेख, तशीच तोंड करून बसली होती. मग ओळीनं ठिपके येत गेले. एकदोन जागा मुक्या राहिल्या.

सरांनी पडद्याला नाक टेकवलं. "मला नुसतं लाल दिसतंय. काय आहे?"

"पायऱ्या आहेत, सर. खाली रुंद, वर निमुळत्या. देवळाच्या शिखरासारख्या."

गंगम्मा जवळ आली. पाहिलं, आणि आपल्या इरकली लुगड्याचा पदर सरांच्या उजव्या डोळ्यापुढं धरला. पदरावर तांबडी-पांढरी तीच शिखरं, ओळीनं.

सरांनी पदराचं टोक बराच वेळ धरून ठेवलं.

"आईचं लुगडं," ते म्हणाले. "तिकडं मुंबईत ही चौकट विणताना सारखं डोळ्यांपुढं यायचं."

 महेश्वरी म्हणाली, "सर, आता कड्या रिकाम्या झाल्या. परत भरू?"

"भर. तेच भर. मुक्या जागा अक्कांच्या पदरावरनं बघून घे." सरांनी चष्मा पुसला. "आणि अक्का, कात्री तेवढी आत ठेवा."

"ठेवते की," गंगम्मा म्हणाली. तिची नजर तेव्हा सरांच्या बाहीवर लोंबणाऱ्या दोऱ्यावर होती.