हौदांचा राजा आणि आमची शाळा

माझ्या लेकीला नाटकाच्या प्रश्नात शून्य मिळालं आणि वर मलाही बोलावणं आलं. औषधांच्या दुकानातलं काम टाकून मी तडक शाळेत गेले.

नाटक तीनशे वर्षांपूर्वीचं. त्यातला राजा शहरातले हौद वर्षभर कोरडे ठेवतो आणि परदेशी पाहुणे आले की तेवढ्यापुरते भरून घेतो. पाहुणे खूश, लोक तहानलेले. प्रश्न होता, 'हे नाटक आजही लागू पडते का? उदाहरण द्या.' सगळ्या वर्गाने बाईंनी सांगितलेलं छापील उत्तर उतरवलं, की लोभ वाईट, तो तेव्हाही होता, आजही आहे. उदाहरणाचा कुठे पत्ता नाही.

आमच्या कन्येने उदाहरण दिलं. शाळेतलं मुलींचं स्वच्छतागृह कायम कुलपात असतं, तपासणीला साहेब आले की फिनेल मारून उघडतात, त्यांची पाठ वळली की पुन्हा कुलूप. म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत.

"शाळेची बदनामी आहे ही," मुख्याध्यापक कडाडले. "माफी लिहून द्या, नाहीतर हिला वार्षिक परीक्षेला बसू देणार नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "सर, पोरीला दोनदा लघवीचा त्रास झालाय. डॉक्टरांनी पाणी प्यायला सांगितलंय, ती घोटभरही पीत नाही. रडते नुसती. आणि बदनामी तुमची?"

"ताई, विषय नाटकाचा आहे. विषयाला धरून बोला."

"नाटकाचंच बोलतेय मी!"

भाषेच्या बाई खाली मान घालून बसल्या होत्या. मला त्यांचाच जास्त राग आला. पालकसभेत याच बाई तासभर आमचं डोकं खात होत्या, जुनी पुस्तकं आपल्याच जगण्याबद्दल बोलतात म्हणून. एका पोरीने ते खरं मानलं, तर बाईंची दातखीळ बसली.

लेक माझ्या शेजारी उभी होती. तिने विचारलं, "बाई, मी खोटं लिहिलंय का?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"मग मी माफी नाही लिहिणार. तुम्हीच प्रश्नातलं 'आजही' खोडा."

मला वाटलं, आता तरी बाईंना लाज वाटेल. त्यांनी सरांकडे पाहिलं, लाल पेन उचललं आणि समोरच्या प्रश्नपत्रिकेतला तो शब्द खरंच खोडला.

सरांचा जीव भांड्यात पडला. "झालं तर मग," ते म्हणाले. "बसू दे हिला परीक्षेला."