पुठ्ठ्याची एसटी

"अहो, लिहून टाका ना एकदाचं, की गाड्या विकायच्या आहेत म्हणून," मी म्हटलं.

आमचे हे पुठ्ठ्याच्या एसटीला मागची शिडी चिकटवत होते. मान वर न करता म्हणाले, "त्या ग्रुपवर नको."

"का? कुणी बंदी घातलीय?"

"बंदी नाही गं, सविता. माझंच मन होत नाही."

आता या माणसाचं काय करायचं सांगा. नाशिकमधल्या अंबडच्या एका कंपनीत उमेद गेली यांची. दिवाळीनंतर ऑर्डरी आटल्या तशी कंपनी म्हणाली, सध्या घरी थांबा, बोलावू. होळी झाली तरी बोलावणं नाही. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला नवीन नोकरी कोण देतंय? माझ्या नर्सच्या पगारावर इंदिरानगरचं घर ओढताना मी मेटाकुटीला आले होते आणि तसं तोंडानं बोलूनही दाखवत होते. हे आपले दिवसभर पुठ्ठा कापत बसायचे.

फेसबुकवर एसटीच्या वेड्यांचा एक ग्रुप आहे. तिथं हे आपल्या गाड्यांचे फोटो टाकायचे. गाडी वीतभर, पण खिडकीचे गज, टपावरचं कॅरियर, पुढे गावाची पाटी, सगळं जिथल्या तिथं. पाटी बघितली की लोक लिहायला लागायचे. कुणी त्या गाडीनं दहावीच्या परीक्षेला गेलेलं, कुणाची आई माहेरी. 'नाशिक-नामपूर, मार्गे सटाणा' अशा पाटीची गाडी टाकली तेव्हा देवराम नावाच्या रिटायर ड्रायव्हरनं लिहिलं, "हाई गाडी मनीच शे, भाऊ." ही गाडी माझीच आहे, असं अहिराणीत. यांनी ते मला स्वयंपाकघरात येऊन चारदा वाचून दाखवलं. तिथं सगळे यांना किशोरभाऊ म्हणायचे. कंपनीनं घरी बसवलंय हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. हे तेवढ्या जोरावर उभे होते, आणि ते माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

एप्रिलमध्ये कंपनीतून निरोप आला, यांचा विभागच बंद झाला. त्या संध्याकाळी यांनी स्वतःच मोबाइल माझ्यापुढे धरला. "वाच."

'माझे काम सुटले आहे. यापुढे गाड्या विकत देतो. हवी असल्यास कळवावे.'

इतके दिवस मीच मागे लागले होते, आणि आता 'राहू द्या' म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही. यांनी पोस्ट टाकली आणि मोबाइल पालथा ठेवून दिला.

लोक वाईट नव्हते हो. पुष्कळांनी धीर दिला. ऑर्डरीही आल्या. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. फक्त त्यानंतर फोटोखाली आठवणी येईनाशा झाल्या. केवढ्याला, कुरिअर करता का, रंग बदलून मिळेल का, एवढंच. हे प्रत्येकाला नीट उत्तर द्यायचे. स्वयंपाकघरात वाचून दाखवायला मात्र कधी आले नाहीत.

परवा पुण्याहून एका बाईंचा फोन आला. "दादा, पाटीवर गावाचं नाव नको हं. 'हॅपी बर्थडे आरोही' लिहाल? मुलीला सरप्राइज द्यायचंय."

फोन स्पीकरवर होता, मी ऐकत उभी. एका चुकलेल्या अक्षरापायी अख्खी गाडी मोडणारा हा माणूस. आता फोन आपटणार, ऑर्डर जाणार.

"लिहितो की ताई," हे म्हणाले.

दुपारी जेवण झाल्यावर यांनी पट्टी लावून पाटी आखली. एसटीवर असतात तशीच जाड, सरळ अक्षरं काढली. हॅपी बर्थडे आरोही. मग ब्रश हातात धरून नुसते बघत बसले.

"आता काय राहिलं?" मी विचारलं.

"खाली मार्गे नाही."

"अहो, बर्थडेला कसलं आलंय मार्गे?"

"पाटी आहे ना?" असं म्हणून यांनी बारीक ब्रश घेतला आणि खाली लहान अक्षरांत लिहिलं, मार्गे सटाणा. मला देवरामची नामपूरची गाडी आठवली. पण मी पडले चिंता करणारी.

"बाईंना नाही आवडलं तर?"

"दुसरी करून देईन." पाटी वाळायला पंख्याखाली ठेवत हे म्हणाले, "पण पोरगी विचारेल तरी गं, सटाणा कुठं आहे म्हणून."